आक्काकडे जाणारी बुटकी गाडी

आमच्या दारात जी बुटकी गाडी उभी असते ती माझ्या नातीची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो. गल्ली अरुंद, आणि ती गाडी मांजर दबा धरून येतं तशी पोट जमिनीला लावून आत येते. शेजारची तमिळ माणसं आजीला पाट्टी म्हणतात, ती विचारतात, "पाट्टी, स्प्रिंग मोडली काय?" मी सांगते, मोडली नाही, मुद्दाम तशी केलीय.

नात कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे. गाडी जुनीच घेतली तिनं, आणि घेतल्याघेतल्या आतल्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या. गाडी चार बोटं खाली बसली. हे काही माझ्यासाठी केलं नव्हतं. तिला तशी गाडी आवडते, एवढंच. कुणाला नाकात चमकी आवडते, कुणाला बुटकी गाडी. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बँकेत असतो. त्याला हे पटलं नाही. "चांगली चालती गाडी लुळी करून ठेवली," म्हणाला. काढलेल्या जुन्या स्प्रिंगा त्यानं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. कधीतरी पोरीला अक्कल येईल म्हणून.

पण त्या बुटकेपणानं माझं काम झालं.

माझा उजवा पाय आखूड आहे. जन्माचा नाही. नवरा लवकर गेला, मुलगा तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होता, तर मी पीठगिरणीत कामाला लागले. मिरची, हळद, तांदूळ, जे येईल ते दळून चाळून डब्यात भरायचं. गिरणीच्या पायरीवर पीठ सांडलेलं, त्यावर पाणी पडलेलं, माझा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं पाला लावून बांबूच्या पट्ट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. गिरणीवाला म्हणाला, उभ्यानं होत नसेल तर बसून कर. बसून केलं. चाळणी बसूनही हलते. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

म्हातारपणी तो पाय उचलेना. काठी घेऊन सपाटीवर चालते मी, बाजारातून भाजीही आणते, पण वर पाय टाकायचा म्हटलं की तो जागचा हलत नाही. बसची पायरी गेली. ऑटोत चढायचं तर दोघांनी काखेत हात घालून पोतं चढवल्यासारखं चढवायचं, ते मला नको वाटे. मुलाच्या साहेबाची एक उंच गाडी आहे, तिच्यासमोर तर मी नुसती उभी राहून बघत बसले होते, देवळाचा रथ बघावा तशी.

मग मी जायचंच सोडलं. आणि माझी आक्का राहते ओरत्तनाडूला, तिथल्या जुन्या छत्राजवळ, म्हणजे धर्मशाळेजवळ. आम्ही दोघीच उरलोय, बाकी भावंडं गेली. तिचे गुडघे गेलेत, ती इकडं येऊ शकत नाही. कानानं ठार बहिरी, फोनचा उपयोग नाही. फोन लावला की ती "कोण? कोण?" करत राहते आणि शेवटी वैतागून ठेवून देते. समोर बसून तोंडाकडं बघितलं तरच तिला कळतं. तर वर्षावर वर्ष गेलं, आम्ही दोघींनी एकमेकींना बघितलं नव्हतं. तासाच्या आतल्या वाटेवर.

एका सकाळी नात गाडी पुसत होती, दार उघडं होतं. मी दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, घालून उठले, कंबर धरली होती, टेकायला काही हवं होतं. मागं सरले तर सीट बरोब्बर पाठीमागं. पाटावर बसावं तशी बसले. पाय उचलावा लागलाच नाही, नुसते आत ओढून घेतले.

नात फडकं हातात धरून बघत राहिली. "आजी, तू बसलीस?"

"बसले की."

"एकटी?"

"मग काय नादस्वरम् लावून बसू?"

ती हसायला लागली. मी म्हटलं, "बसलेच आहे तर आक्काकडं घेऊन चल." पायात चप्पल नव्हती, हाताला कोलमचं पीठ तसंच. गेलो.

आक्का ओसरीवर शेंगा सोलत होती. मला बघून तिचं तोंड उतरलं. "कोण मेलं?" म्हणाली.

"कोणी मेलं नाही. मी आले."

"असं कशी आलीस?"

"बसून आले," मी म्हटलं. तिला ते दोनदा सांगावं लागलं. मग तिनं गाडीकडं बघितलं, म्हणाली, "ही गाडी तुझ्यासारखीच बसकी आहे." दुपारभर आम्ही बोललो. काय बोललो विचाराल तर काही नाही. कुणाची सून कशी, डांगर पच्चडीत हिंग किती. पण तोंडासमोर बसून.

तेव्हापासून दर रविवार आमचा ठरला. रस्त्यात गतिरोधक आला की नात गाडी तिरकी घालते, आधी एक चाक, मग दुसरं, नाहीतर पोट घासतं. मागचा बसवाला हॉर्न वाजवतो. मी मागं वळून हात दाखवते, थांब म्हणून. सगळं आयुष्य मी दुसऱ्याला वाट देत आले, आता एक बस माझ्यामागं थांबते. मला मजा वाटते त्याची.

दसऱ्याच्या आयुधपूजेला मुलगा गाडीच्या चाकांना गंध लावायला बसला. पुढच्या चाकाला गंध लावताना त्याचा हात आतल्या बाजूला गेला आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. टायर बाहेरून नवं दिसत होतं, आतून टक्कल. इतकं की आतली तार वर आलेली. त्यानं पूजा पुरी केली, लिंबं चाकाखाली ठेवून फोडली, आणि मग नातीला ओसरीवर बोलावलं.

"हे रस्त्यात फुटलं असतं," म्हणाला. "आई बसते त्यात."

 नातीलाही तार दिसली होती.

"नवीन टायर घाल. पण पुन्हा आतून झिजले, तर माळ्यावरच्या स्प्रिंगा खाली येणार. गाडी उंच. मग मला काही सांगायचं नाही."

त्याचं चुकत नव्हतं. पण गाडी उंच म्हणजे माझी आक्का पुन्हा ओरत्तनाडूला आणि मी इथं. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून माझ्याकडं न बघता बोलला.

त्या रात्री जेवल्यावर नातीनं माझ्या दोन चपला जमिनीवर ठेवून मला समजावलं. गाडी खाली बसली की चाकांची डोकी आत झुकतात, पाय फाकतात. एवढंच असतं तर हळूहळू झिजलं असतं. पण त्याबरोबर चाकांची तोंडंही थोडी बाहेर वळतात, बदकासारखी. "तिरकं उभं राहिलं तर झिजतं आजी, पण तोंड वाकडं करून चाललं तर खरवडतं."

"मग सरळ कर त्यांना."

"तेच. तोंडं सरळ करायला गाडीत सोय आहे. झुकलेलं उभं करायला नाही, त्याला वेगळा पार्ट लागतो. आणि कुठला घ्यायचा तेच कळत नाही."

आठवडे गेले त्यात. जेवताना फोन, केस विंचरताना फोन. पुढच्या चाकांसाठी दोन वाटा होत्या. एक बोल्ट, चारी बाजूंनी सारखा नसलेला, एका बाजूला फुगीर. तो फिरवला की चाक थोडं उभं राहतं. बसवायला सोपा, पण मूळ बोल्टापेक्षा बारीक. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळून सरकला की चाक पुन्हा झुकलं, आणि ते आपल्याला कळायचंही नाही. दुसरी म्हणजे एक लोखंडी ताटली. ती वर, स्प्रिंगेच्या डोक्यावर बसते. ती सरकत नाही. पण तिच्यात रबर नसतं, रस्त्यातला खडा न खडा आत वाजतो.

ओरत्तनाडूच्या वाटेवर बायपासच्या पुढं एक मेस्त्री आहे, गाडीचं सगळं काम तोच बघतो. तो म्हणाला, बोल्ट घाल, ताटलीचा आवाज तुझ्यानं सोसणार नाही. माझा मुलगा म्हणाला, दोन्ही नको, स्प्रिंगा घाल.

शेवटी नात माझ्याकडं आली. "आजी, तू पुढं बसतेस. तुझ्या कानापाशी टकटक वाजत राहील. चालेल का?"

"कसं वाजेल?"

तिनं स्टीलच्या तांब्यावर चमच्यानं वाजवून दाखवलं.

मला हसू आलं. गिरणीचा पट्टा माझ्या डोक्यावर फिरायचा. मिरचीचं जातं एका बाजूला, तांदळाचं दुसऱ्या. त्या धडधडीत मी मुलाला मांडीवर घेऊन डुलकी काढलीय. घरी आल्यावर गप्प वाटायचं म्हणून झोप लागायची नाही. "घाल ताटली," मी म्हटलं. "आणि आक्काला तर ऐकूच येत नाही."

ताटल्या आल्या, बसल्या. मेस्त्रीनं चाकांना पकडी लावून मशिनीवर तोंडं सरळ केली. पहिल्याच रविवारी वाजायला लागलं, टक टक टक. नात माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, पुढं बघून चालव.

मुलगा बोलल्याप्रमाणं वागणारा. गाडी धुतली की वाकून चाकाच्या आत हात घालून बघायचा, वैद्य पोट दाबतो तसा. पुढची चाकं गुळगुळीत नाहीत, तार नाही, काही नाही. "हं," म्हणायचा आणि उठायचा. दोन-तीन महिने असे छान गेले. मग एके दिवशी त्यानं मागच्या चाकात हात घातला आणि तो तसाच बसून राहिला.

"ये इकडं," नातीला म्हणाला.

मागचं टायर आतल्या कडेनं झिजायला लागलं होतं. तार नाही, पण कड गेलेली.

"मागचं आधी चांगलं होतं अप्पा," नात म्हणाली. "हे आता सुरू झालं."

"पुढचं झालं, आता मागचं. उद्या आणखी काही." तो माळ्यावर चढला. स्प्रिंगा खाली आल्या, दाराशी ठेवल्या. मला जाता-येता त्यांना वळसा घालून जावं लागे.

नातीनं एवढंच मागितलं की मेस्त्रीला एकदा दाखवू दे. मुलगा म्हणाला, दाखव, मी स्प्रिंगा घेऊन तिथंच येतो. रविवारी आक्काकडून परतताना आम्ही मेस्त्रीकडं थांबलो. मुलगा स्कूटरवर आधीच येऊन बसला होता, पायाशी गोणपाट.

आक्काला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि मग सगळ्या गल्लीनं ऐकलं असतं.

मेस्त्रीनं जॅक काढायला डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला. "पाट्टी, ही कार आहे का लॉरी?"

आता हे सांगायला हवं. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. पहिल्या रविवारी आक्कानं मला पितळेच्या डब्यातून लोणचं दिलं. पुढच्या खेपेला मी तो डबा तांदळानं भरून दिला. ती काय ऐकते, तिनं तांदळाची पिशवी आणि वर चार नारळ दिले. पिशवी रिकामी कशी द्यायची, मी उडदाची डाळ भरली. अशी आम्ही दोघी एकमेकींना हरवत होतो. त्या दिवशी डिकीत उकड्या तांदळाचं अर्धं पोतं होतं, केळ्याचा घड, नारळ, नारत्यांचं लोणचं, गुळाची ढेप, आणि तिचा पाटा-वरवंटा. माझ्याकडचा झिजलाय असं मी बोलता बोलता म्हटलं होतं, तर तिनं शेजाऱ्याकडून तो पाटा उचलवून गाडीत ठेवून घेतला होता. तो आमच्याकडं कुणी उतरवेना म्हणून दोन-तीन खेपा डिकीतच फिरत होता.

मुलानं बघितलं. "म्हणून चाकं झिजतात. यापुढं सामान न्यायचं नाही."

मी म्हटलं, "डबा रिकामा देऊ आक्काला?"

त्यानं डिकीतले नारळ नीट सरकवून ठेवले. वाढलाय कुणाच्या घरात.

नात डिकीत बघत होती. मग हळूच मेस्त्रीला म्हणाली, "अण्णा, आपण मशिनीवर चाकं लावली तेव्हा गाडीत कोण होतं?"

"कोण असणार? कोणी नाही. रिकामी गाडी लावतात."

"ही कधी रिकामी जातच नाही." ती बापाकडं वळली. "आजी नसेल तर मी ऑफिसला स्कूटरवर जाते अप्पा. गाडी निघते ती आजीसाठी आणि हे सगळं घेऊन. मागं ओझं पडलं की गाडी आणखी बसते आणि मागची चाकं फाकतात. आपण जी चाकं सरळ केली ती दुसऱ्याच गाडीची."

मेस्त्री डोकं खाजवून म्हणाला, बरोबर आहे. पण मागची चाकं इतकी सरळ करायची तर तिथंही पार्ट लागेल. एक तर मागं कडक स्प्रिंगा, त्या ओझ्यानं दबणार नाहीत. नाहीतर मागची चाकं धरून ठेवणारे दांडे बदलायचे, लांबी कमी-जास्त करता येणारे.

"कडक नको," नात म्हणाली. "आजीच्या पायाला हिसका बसेल. दांडे."

"टोकाला लोखंडी गोळी का रबर?"

"रबर. पुढं वाजतंय तेवढं पुरे."

हे तिनं एका दमात सांगितलं. पुढच्या चाकांच्या वेळी जिला आठवडे लागले होते तीच ही. मुलगा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी गोणपाट उचलून मेस्त्रीच्या कोपऱ्यात ठेवलं. "असू देत इथंच. लागतील," म्हणाला. पण घेऊन घरी गेला नाही, आणि घालही म्हणाला नाही.

दांडे येईपर्यंत गाडी तिथंच राहिली. ते रविवार मी घरात बसून काढले. आक्का काय म्हणत असेल, हे मनात यायचं. मग मी वाल सोलायला घ्यायची.

दांडे बसवल्याचा फोन आला तेव्हा मुलानं मला ऑटोत घातलं. दोघांनी धरून. त्या दिवशी मला पोतं झाल्याचं वाईट वाटलं नाही. मेस्त्रीनं गाडी मशिनीच्या लोखंडी रुळांवर चढवून ठेवली होती. रूळ जमिनीलगत होते, मी मागं टेकले आणि बसले. नातीनं डिकीत पोतं, नारळ, डाळ, सगळं रविवारसारखं भरलं. फक्त पाटा मुलानं घरी ठेवून घेतला. "तो दगड पाहुणा आहे, त्याला मोजायचं नाही," म्हणाला. नात माझ्याशेजारी चालवायच्या जागी बसली.

"पाट्टी, भीती वाटली तर सांगा," मेस्त्री म्हणाला आणि बटण दाबलं.

गाडी आमच्यासकट वर निघाली.

मी आयुष्यात कधी इतकी उंच गेले नव्हते. गच्चीवर गेले नाही, झोपाळ्यावर बसले नाही. भिंत खाली गेली आणि पलीकडं भाताची शेतं दिसली, कालव्याचं पाणी, वाळत घातलेल्या कुणाच्या तरी धोतरासारख्या वेष्ट्या, आणि खूप लांब मोठ्या देवळाचं टोक. वारा आला. जिला एक पायरी चढता येत नाही ती मी झाडाच्या शेंड्याएवढी वर बसले होते, पाय लांब करून.

खालून मेस्त्री दांडे फिरवत होता. मुलगा मशिनीच्या पडद्यासमोर उभा होता, तिथं आकडे तांबडे असतात ते हिरवे व्हावे लागतात. तो तांबडं-हिरवं ओरडून सांगत होता.

"आई, हलू नको. हललीस की तांबडं होतंय."

"मी हलत नाही. तुझी मुलगी हसतेय."

"दोघी गप्प बसा."

"जेवलास का रे?" मी वरून विचारलं.

"आई."

मेस्त्री खालून म्हणाला, "साहेब, तुम्ही पण गप्प बसा." मग आम्ही सगळेच हसायला लागलो, आणि आकडे सगळे तांबडे झाले, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं. शेवटी मुलगा म्हणाला, "हिरवं. चारी हिरवी." बँकेत मोठा हिशेब जुळला की माणूस जसा बोलतो तसा बोलला. मला खाली यायची घाई नव्हती. मी म्हटलं, थोडा वेळ राहू दे. मेस्त्रीनं चहा येईपर्यंत राहू दिली.

त्या रविवारी आक्कानं मला दाराशीच धरलं. "कुठं होतीस?"

"वर," मी म्हटलं.

"हं?"

"वर! वर गेले होते!"

"मेली नाहीस ना, मग झालं," ती म्हणाली आणि डबा मागायला हात पुढं केला.

नंतर मुलगा दर खेपेला बघायचा. मी काही विचारायची नाही, ओसरीवर बसून त्याची पाठ बघायची. पावसाळा गेला, थंडी आली, तो बघतच राहिला. परवा रविवारी सकाळी पुन्हा वाकला. चारी चाकांच्या आत हात फिरवला, मागच्या उजव्याला जरा जास्तच वेळ, आडवा, उभा. उठला तेव्हा तळहात काळा झाला होता. आमच्याकडं बघितलं नाही. नळाखाली हात धरून चोळत राहिला.

तिथूनच म्हणाला, "मेस्त्रीकडच्या त्या स्प्रिंगा भंगारात द्यायला सांग. उगाच त्याची जागा अडते."

"सांगते," नात म्हणाली.

"आणि आज किती वाजता निघताय? मी पण येतो. आक्कामावशीला बघून किती दिवस झाले."

तो उंच आहे, बापासारखा. मागच्या सीटवर जायला त्याला घडी व्हावं लागलं, डोकं दाराला आपटलं. मी पुढं मागं टेकून बसले आणि पाय आत ओढले. त्याच्या मांडीवर आम्ही आक्काची भरलेली पिशवी ठेवली.